रोलर धुणारे हात

प्रिय चिमणे,

बेचाळीस वर्षांची, बस चालवलेली बाई आणि अजून चिमणी काय, म्हणून नाक मुरडशील. ऑपरेशन नाकातूनच झालंय तुझं, तेव्हा सध्या मुरडू नकोस. तुझी आई म्हणते, मी फोनवर नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारतो. खरं आहे. म्हणून लिहायला बसलोय.

तुझ्या चपलांचा नंबर दोनदा वाढला, बोटातली अंगठी कापून काढावी लागली, तेव्हा आता दाराच्या चौकटी मोठ्या करायला हव्यात, असं म्हणून मीच सगळ्यांना हसवलं होतं. मेंदूच्या तळाशी अंगाची वाढ ठरवणारी वाटाण्याएवढी ग्रंथी असते आणि तिच्यावर गाठ वाढतेय, हे कुणाच्या ध्यानीमनी होतं? गाठ निघाली, पण तिच्या दाबाने गेलेलं कडेचं दिसणं परत आलं नाही आणि तुझं बस चालवणं कायमचं थांबलं. त्या थट्टेची मला फार लाज वाटते.

पण लाज तेवढ्याचीच नाही. शाळा सुटली की तू थेट माझ्या छापखान्यात यायचीस. यंत्राचे रोलर ज्या द्रावणाने धुवायचे, त्याने माझ्या हातांची सालं निघायला लागली होती. डॉक्टरांनी बजावलं, हात लावू नका. मी लावला नाही. चिंधी तुझ्या हातात दिली. तुझी बोटं बारीक, रोलरच्या फटीत सहज जायची. हातमोजे तुला मोठे होऊन गळून पडायचे, तर ते काढून ठेव, असंही मीच सांगितलं. काम संपलं की शाई जावी म्हणून त्याच द्रावणात तुला हात बुडवायला लावायचो. नऊ वर्षांची होतीस. पुढे चार वर्षं हे चाललं, आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचो, लेक माझा उजवा हात आहे.

मागच्या आठवड्यात मी तुझ्याकडे असताना त्या संशोधक बाई आल्या. रसायनांशी आलेला संबंध आणि अशा गाठी यांचा काही मेळ बसतो का, हे त्या घरोघरी विचारत फिरताहेत. अजून ठाम काही हाती लागलेलं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. मग विचारलं, लहानपणी मुलीचा छापखान्यात वावर होता का? मी म्हणालो, छे, तिने तिथे पाऊलसुद्धा टाकलं नाही. तू शेजारीच बसली होतीस. शेजारचं माणूस बघायला तुला आता पूर्ण मान वळवावी लागते. तशी वळवलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि बाबा म्हणतात ते बरोबर, एवढंच म्हणालीस.

आज सकाळी मी बाईंना फोन करून सगळं सांगून टाकलं, माझ्या सालं निघालेल्या हातांसकट. गाठ त्यानेच झाली का, ते त्यांना सांगता येत नाही आणि मला बहुतेक कधीच कळणार नाही. पण माझं खोटं त्यांच्या कागदांत राहिलं, तर दुसऱ्या कुणाच्या लेकीबद्दलचा त्यांचा अंदाज चुकेल. गुरुवारी त्या पुन्हा तुझ्याकडे येतील. मी येणार नाही. तू सगळं खरं सांग. माझी बाजू घेऊ नकोस, बाळा. मी तुझी घेतली नव्हती.

तुझाच,
बाबा