गुरववाडीची नऊ सेकंदं

रत्नागिरी,
शनिवार, २३ ऑगस्ट २००८

ती. दादास,
उल्काचा साष्टांग नमस्कार (साष्टांग कागदावरच. गुडघे आता वाकत नाहीत, आणि वाकलेच तर उठवायला घरात मांजराशिवाय कुणी नाही).

तुझी तब्येत आता सुधारली असेल. छातीत बसवलेली ती स्प्रिंग कुरकुरत नाही ना? गोळ्या वेळेवर घेत जा, आणि वहिनी देवाला फुलं काढायला बाहेर पडली की फरसाणाच्या डब्याकडे वळायचं नाही. (हे तिने सांगितलेलं नाही. मी तुझी बहीण आहे, मला सांगावं लागत नाही.) इकडे सगळं ठीक. गणपती अकरा दिवसांवर आला, माजघरातलं कौल अजून गळतंच आहे, मांजर व्यालं, चार पिल्लं आहेत. तू म्हणशील, घरात फोन असताना ही बया पत्र कशाला लिहिते! तर दादा, फोनवर मी "अरे दादा, एक विचारायचं होतं" म्हणेपर्यंत तू "हो हो, बरं आहे सगळं, ठेवतो" म्हणून मोकळा होतोस. पत्राचं एक बरं असतं, मध्येच ठेवता येत नाही. म्हणजे येतं, पण ते पुन्हा उचलावं लागतं.

आता खुर्चीचा हात धरून बस. मी तज्ज्ञ झाले आहे. छत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं तेव्हा कुणी मला तज्ज्ञ म्हटलं नाही, निवृत्त झाल्यावर दोन वर्षं घरात पापड लाटले आणि एकदम 'ऑनलाइन शालेय शिक्षण गुणवत्ता सल्लागार समिती'वर माझी नेमणूक झाली. जिल्ह्यातल्या दहा खेड्यांतल्या शाळांना पुण्याच्या एका संस्थेने संगणक, कॅमेरा आणि कर्णा असा संच दिलाय, आणि दर गुरुवारी पुण्याहून एक ज्येष्ठ प्राध्यापक त्यावरून गणिताचा थेट पाठ देतात. हो, तेच. ज्यांना तू दाढी करताना आरशात बघतोस ते. तुझ्या पाठांचा दर्जा कसा आहे याचा सल्ला द्यायला माझी नेमणूक झाली आणि मी तुला जूनपासून एक अक्षर बोलले नाही. समितीलाही बोलले नाही. आपलं आडनाव एकच, पण रत्नागिरीत या आडनावाची अख्खी आळी आहे, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. मी खोटं बोलले नाही हं, मला कुणी विचारलंच नाही.

समितीत आम्ही तिघं. एक अनिलराव, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना हातखंब्याला चहा, त्यापुढे वडा आणि राजापुरात पुन्हा चहा घेतल्याशिवाय शिक्षणाचा विचारच करता येत नाही. दुसरी मनस्विनी, मुंबईची, पंचविशीतली, हुशार आणि मनाने चांगली पोर, पण तिच्याजवळ बेचाळीस रकान्यांचा एक तक्ता आहे आणि तो भरल्याशिवाय तिला जेवण जात नाही. 'विद्यार्थ्यांचा सहभाग आनंददायी आहे काय? अति, मध्यम, अल्प.' अगं बाई, आनंद मोजायला काय तो तांदूळ आहे? (हे मी मनात म्हटलं.) आणि तिसरी मी.

तर परवा गुरुवारी आम्ही वरच्या गुरववाडीला गेलो. राजापूरपर्यंत एसटी, तिथून आत दहा किलोमीटर बाबल्याची रिक्षा. त्या रिक्षेला एका बाजूला दार नाही, त्या बाजूला मला बसवलं, कारण मी वजनाने भारी आहे आणि बाहेर पडणार नाही असा बाबल्याचा हिशेब. कातळावरून जाताना त्याचा हिशेब दोनदा चुकता चुकता राहिला. शाळा म्हणजे दोन खोल्या, सतरा मुलं आणि एकट्या गोदाबाई. गोदाबाई शिकवतात, खिचडीवर लक्ष ठेवतात, पट भरतात आणि कुणाच्या पायात काटा गेला तर काढतात. तपासणीला माणसं येणार म्हणून घावने आणि काळ्या वाटाण्याची उसळ तयार होती. अनिलरावांनी तिथेच पहिल्या घावन्याला शाळेचा दर्जा उत्तम ठरवला.

मनस्विनीने मग संस्थेकडून आलेले तुझे शेरे वाचून दाखवले. दादा, तुझं अक्षर नसतं तरी मी ओळखले असते. 'वरची गुरववाडी: मुले गोंधळलेली. उत्तरे असंबद्ध. चेहरे लालबुंद दिसतात, बहुधा उन्हात खेळून येत असावीत.' ऑगस्टात, गुरववाडीत, ऊन! पुण्यात राहून तू आपला पाऊस इतका विसरलास? आणि शेवटी: 'संच अधिक सक्षम शाळेस द्यावा.' ते गोदाबाईंनी ऐकलं, तिथेच कढई पुसत उभ्या होत्या. नुसती कढई पुसत राहिल्या, आणि ती आधीच लख्ख होती. मी हातातला घावना परत ताटलीत ठेवला.

अकरा वाजता तुझा पाठ सुरू होणार, त्याआधी गोदाबाईंनी संगणकाची पूजा केली. दर गुरुवारी करतात. उदबत्ती, जास्वंदीचं फूल आणि हळदकुंकू. आता संगणकाचं कपाळ कुठे असतं? त्यांच्या मते जिथे डोळा असतो त्याच्याच आसपास. वर बसवलेल्या कॅमेऱ्याच्या गोल भिंगावर त्यांनी छानपैकी ओलं कुंकू टेकवलं आणि नमस्कार केला. दादा, हेच ते तुझं ऊन! मी म्हटलं, अहो बाई, ते पुसा. तर त्यांनी असं बघितलं माझ्याकडे, जसं काही मी कुणाच्या वाईटावर आलेय. लावलेलं कुंकू पुसायचं कसं? तिथल्या एकाही बाईने बोट लावलं नसतं. मी म्हटलं, बिनलग्नाच्या बाईला या बाबतीत सगळं माफ असतं, पुसते मीच. पण तेवढ्यात पडद्यावर तू प्रकटलास, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि मी झटकन बाजूला झाले. कुठे, तर खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांमागे. अनिलरावांनी विचारलं, काय हो हे? म्हटलं, इथून आवाजाचा दर्जा चांगला कळतो.

खरं सांगू? तुला बघून मला भरून आलं. रुग्णालयातून आल्यावर तू तीन महिने कुणाशी धड बोलला नव्हतास, वहिनी फोनवर रडायची. आणि परवा कसा खणखणीत बोलत होतास! वहिनी सांगते, बुधवारी रात्रीपासून तुझा शर्ट निवडणं चालतं. मला त्या पोत्यांमागे बसून वाटलं, या माणसाच्या पाठाला कुठलाही रकाना भरायचा झाला तरी मी 'अति'च लिहीन.

मग तू पहिला प्रश्न विचारलास. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती? तुझा प्रश्न संपतो न संपतो तोच ज्ञानेश्वरी नावाची एक दोन वेण्यांची पोर ओरडली, एकशे ऐंशी! बरोबर ना? बरोबर. आणि तू काय केलंस, तर एक, दोन, तीन मोजायला लागावं इतकाच थांबलास, आणि स्वतःच म्हणालास, एकशे ऐंशी अंश! बरं, आता सांगा, चौकोनाला कर्ण किती? सगळी पोरं एका आवाजात, दोन! आणि नेमका तेव्हा तू कपाळाला हात लावलास. "चौकोनाला कर्ण एकशे ऐंशी? अरे, असं कसं म्हणता तुम्ही?"

आली गोष्ट ध्यानात? मी घड्याळ काढलं. पुढच्या प्रश्नाला मोजलं, त्याच्या पुढच्याला मोजलं. पोरांचा आवाज इथून निघून तुझ्यापर्यंत जातो आणि तुझ्या कपाळाची आठी परत गुरववाडीला पोचते, याला नऊ सेकंदं लागतात. टेलिफोनची तार आहे ती, कातळावरून, नारळाच्या झावळ्यांतून आणि कुणाच्या कुणाच्या परसातून येते. तू तीन सेकंदं थांबतोस, उत्तर सांगून टाकतोस, पुढे जातोस, आणि मागच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर पुढच्या प्रश्नावर येऊन आदळतं. सतरा पोरं दोन महिने दर गुरुवारी तुला बरोबर उत्तरं देतायत, दादा. एकही तुला पोचलेलं नाही.

पाठ संपल्यावर मी ज्ञानेश्वरीला जवळ घेऊन विचारलं, कसे शिकवतात गं पुण्याचे गुरुजी? ती म्हणाली, "चांगला शिकवतात. पन ते इचारतात नि आपनच सांगतात. आमचा कायच ऐकत नाय." रागाने नाही म्हणाली. बाहेर पाऊस पडतोय असं सांगावं, तसं म्हणाली. बेचाळीस रकान्यांत याला रकाना नाही, मी दोनदा बघितला.

आता अडचण अशी. अहवालात 'प्रतिसाद असमाधानकारक, संच हलवावा' असं लिहिलंय, अनिलराव आणि मनस्विनी सही करून मोकळे झालेत (तक्त्यावरून बघितलं तर त्यांचं काही चुकलेलं नाही), माझी सही राहिली आहे. एक तारखेच्या आत कागद पोचायला हवा. गणपतीची सुट्टी संपली की माणसं येऊन संच उचलून नेणार. मी कागद सध्या कोकमाच्या बरणीखाली ठेवलाय आणि मनस्विनीला सांगितलंय की मांजराच्या पिल्लांनी त्यावर बैठक मारली आहे. तेही खोटं नाही, काल दुपारी मारली होती. पण हे किती दिवस चालणार? मी उठून 'प्राध्यापकांना थांबता येत नाही' असं लिहिलं तर संस्था संच ठेवेल आणि तुला काढेल. ते मला नको आहे. सही केली तर गोदाबाईंची कढई मला जन्मभर दिसत राहील. दोन दिवस मी जेवले नाही नीट. (चहा घेतला. आणि दोन केळी.)

बाकी ठीक. वहिनीला नमस्कार सांग. गणपतीला येताना तुझी ती जाड शाल आण, आणि माझ्यासाठी काहीही आणू नकोस, मागच्या वेळची साडी अजून घडीत आहे.

तुझी धाकटी बहीण,
उल्का

ता. क. परवा पाठ संपताना तुझ्या पडद्यावर लाल रंग एकदम गेला आणि एक भलंमोठं नाक दिसलं असेल. तू वहिनीला म्हणालास म्हणे, गावातली कुणी म्हातारी कॅमेऱ्यात घुसली. ते नाक माझं. पदराने कुंकू पुसत होते. साठ वर्षं ओळखीचं नाक तुला ओळखता आलं नाही, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यांबद्दलचे शेरे जरा जपून लिही.

ता. क. दुसरा. खरं काम हे. शेरा तू दिलास, तूच मागे घे. दोन ओळी लिही, की मी थांबत नव्हतो, मुलांची उत्तरं बरोबर होती. तू लिहिलंस तर ते मोठेपणाचं दिसेल, मी लिहिलं तर चहाडीचं. आणि येत्या गुरुवारी प्रश्न विचारलास की बारा सेकंदं गप्प बस. नऊ तारेची, तीन पोरांना विचार करायला. तोंडात खडीसाखर धर हवं तर (एकच खडा, डॉक्टरांना सांगू नकोस). मग बघ ज्ञानेश्वरी काय काय सांगते ते.

ता. क. तिसरा, आणि मग पाकीट चिकटवते. मी मॅट्रिक झाले त्या वर्षी तू पुण्याहून आला होतास आणि पडवीत मला विचारलं होतंस, उल्के, माझ्याबरोबर पुण्याला कॉलेजात येतेस की इथेच डी.एड. करतेस? आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालास, इथेच बरं, आई एकटी आहे. त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून तुला वाटतं की तू मला अडकवलंस, म्हणून दर गणपतीला साडी आणतोस. तसं काही नाही रे. माझं उत्तरही 'इथेच' हेच होतं. फक्त ते मला द्यायचं होतं.