उजव्या कमरेवरचा फुगवटा

आदरणीय थर्लमामा यांस,

तुमचा गुडघा, तुमच्या कोंबड्या आणि तुमचा राग, तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून टॅल्मेजचा नमस्कार. मी इकडे टेक्सासात मजेत आहे. मजेत म्हणजे तसा नाही, पण पत्राच्या सुरुवातीला मजेत असावं लागतं असं आईने शिकवलंय, म्हणून लिहिलं. खाली वाचत गेलात की कळेलच. मलाही लिहिता लिहिता कळलं तर बरं, कारण गेले काही महिने माझ्या बाबतीत जे चाललंय त्यात माझं नक्की काय चुकलं हेच मला उमगलेलं नाही. मी तर तुम्ही सांगितलं तेच करत होतो.

तुम्हाला आठवत असेल, मी तेलविहिरीवरच्या कामाला केंटकीहून निघालो तेव्हा गाडीच्या खिडकीतून तुम्ही तुमचं ते छोटं पिस्तूल रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "जवळ ठेव, साफ ठेव, आणि कुणाला कळू देऊ नकोस." तुम्ही ते वीस-पंचवीस वर्षं डंगरीच्या छातीवरच्या खिशात घेऊन हिंडलात आणि मामीलासुद्धा तो चष्म्याचा डबा वाटायचा. मीही तसंच करणार होतो. पण माझ्या नशिबी ट्रेलरमध्ये लव्हॉन आला. लव्हॉन म्हणजे माझा खोलीतला जोडीदार, कामावर पाइप धुतो, आणि पिस्तुलांतलं त्याला सगळं कळतं असं तो सांगतो. (कळतं की नाही हे मला अजून कळलेलं नाही.) त्याने तुमचं पिस्तूल हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि मयताला आल्यासारखं तोंड करून म्हणाला, "गड्या, हे असंच वापरतोस?"

तिथून सुरू झालं. आधी मूठ. तुमची ती अक्रोडाच्या लाकडाची मूठ घामाने निसटते म्हणे, म्हणून रबराची बसवली. रबराला हात चिकटतो हे खरं, पण शर्टही चिकटतो. मी वाकून उठलो की शर्ट मुठीला धरून वरच राहायचा. मग करंगळीला जागा नाही म्हणून गोळ्या भरायच्या मॅगझिनच्या बुडाला एक जोड लावला. मग नळीच्या टोकावरची ती नेम धरायची माशी. तुमची तांदळाएवढी होती, लव्हॉनने मक्याच्या दाण्याएवढी हिरवीगार लावली, अंधारातही चमकते. चमकते तर लपणार कशी, असं मी विचारलं. तर म्हणाला की ती चोराने बघायची नाही, आपण बघायची. बरं. मग चोरही दिसायला हवा, म्हणून नळीखाली छोटी बॅटरी आली. बॅटरी आली तर पिस्तूल कमरेच्या जुन्या म्यानात जाईना, म्हणून नवं म्यान. नवं म्यान पातळ पट्ट्यावर घंटेसारखं झुलायला लागलं, म्हणून दुपदरी चामड्याचा पट्टा. तो पट्टा पँटच्या कमरेवरच्या बारक्या पट्ट्यांतून जाईना, म्हणून नवी पँट, कंबर वाढवून. आणि हे सगळं झाकायला जाड्या माणसांच्या दुकानातला शर्ट. मामा, नाकापेक्षा मोती जड म्हणतात, पण इथे मोत्यासाठी आख्खं नाकच नवं घ्यावं लागलं. पिस्तूल लहान का, तर लपावं म्हणून. आणि ते लपावं म्हणून मी मोठा झालो.

साफ ठेवण्याचं तर विचारूच नका. इकडे वारा म्हणजे वारा नसतो, हवेत उडणारी जमीन असते. दात घासले तरी कुरकुर होते. लव्हॉन म्हणतो, भरपूर तेल घाल. गावातला बंदूकदुकानवाला म्हणतो, तेल घातलंस तर वाळू धरेल आणि आत चिखल होईल, कोरडं ठेव. तुम्ही म्हणायचा, शिवणयंत्राचं तेल, कोंबडीच्या पिसाने, एक थेंब. मी तिघांचाही मान राखायचा म्हणून एका आठवड्याला तेल घालायचो, पुढच्या आठवड्याला पुसून काढायचो, आणि मध्ये पीस फिरवायचो. (पीस इथे मिळत नाही. लव्हॉनच्या उशीतलं घेतो.) ईस्टरच्या आदल्या दिवशी तर गोळ्या काढून, सगळं खोलून, टेबलावर टॉवेल अंथरून, तुम्ही दाखवलं होतं तसं अगदी आतपर्यंत साफ केलं आणि परत जोडलं. सगळं जवळजवळ नीट बसलं.

आता खरं संकट. आपल्या डोंगरातल्या चर्चमध्ये माणसं एकमेकांना हात देतात आणि बुटांकडे बघतात. इकडे दारातच मिठी मारतात. ओळख असो नसो, मिठी. ज्याच्या उजव्या कमरेला झाकलेलं पिस्तूल आहे त्याने मिठी कशी मारायची, याचंही लव्हॉनकडे शास्त्र आहे. डावा खांदा पुढे करायचा, उजवी बाजू मागे ओढायची, आणि आपले हात खाली ठेवायचे, म्हणजे समोरच्याचे हात आपोआप वर जातात. मी हे ट्रेलरमध्ये फ्रिजबरोबर करून बघितलं होतं. चर्चच्या दारात मात्र मार्लीस उभी असते. मार्लीस म्हणजे आमच्या मुकादमाची, होलिस टिडवेलची, मुलगी. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण हे पत्र तुम्ही मामीला मोठ्याने वाचून दाखवता. एवढंच सांगतो की तिने दोन्ही हात पसरले की माझा खांदा पुढे जायचा, कंबर मागे जायची, आणि मी खेकड्यासारखा तिच्या बाजूने निघून जायचो. चार-सहा रविवार हे झाल्यावर ती नुसती मान हलवायला लागली. लव्हॉनला मात्र मिठी मारायची. त्याच्या कमरेला काही नसतं. पिस्तुलांतलं सगळं कळतं, पण त्याच्याकडे पिस्तूलच नाही, हे मला तेव्हा दिसलं.

मग एका रविवारी तिची आई, ओपलकाकू, मागून आल्या. त्यांची मिठी शास्त्रात बसत नाही, त्या बाजूने येऊन कमरेलाच धरतात. त्यांचा हात बरोब्बर तिथे लागला. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे लेकरा," त्या कानाशी म्हणाल्या, "कधीपासून आहे हे?" मी म्हणालो, निघताना मामांनी दिलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हो, हे घराण्यातूनच येतं. माझ्या सासऱ्यांनाही होतं." मला वाटलं, सासऱ्यांनाही मामा होते.

पुढच्या बुधवारी चर्चमध्ये जेवण होतं (उकडलेला घेवडा, मक्याचा पाव, आपल्यासारखाच, पण यात साखर घालतात, देव त्यांना क्षमा करो). पाद्रीबुवा उठले आणि म्हणाले की आपल्यातला एक तरुण, घरापासून लांब, मुकाट्याने हर्निया सोसतोय, त्याच्यासाठी हात ठेवून प्रार्थना करू या. मी कोण बिचारा म्हणून मागे वळून बघितलं. मागे भिंत होती. तोवर सगळे माझ्याकडेच यायला लागले. आता मी काय सांगायचं, मामा? हर्निया नाही म्हणावं तर मग काय आहे, आणि काय आहे ते सांगावं तर तुम्ही सांगितलंत कुणाला कळू देऊ नकोस. आणि इथले लोक हात ठेवून प्रार्थना करतात म्हणजे दुखऱ्या जागेवरच हात ठेवतात. ओपलकाकूंचा हात सगळ्यांच्या पुढे होता आणि तो सरळ उजव्या कमरेकडे निघाला होता. मला एकच सुचलं. मी काकूंचा हात वरच्यावर धरला आणि डाव्या बाजूला खाली, जांघेशी ठेवून म्हणालो, खरं दुखतं ते इथे. उजवीकडे नुसतं दिसतं. त्यावर एक म्हातारे गृहस्थ मान हलवत म्हणाले, अगदी असंच असतं. मग पंधरा-वीस माणसांनी डाव्या बाजूवर हात ठेवले आणि मनापासून प्रार्थना केली. इतकी मनापासून की मला तिथे ऊब जाणवली.

दुसऱ्या दिवसापासून ट्रेलरच्या पायरीवर चीज-बटाट्याचे भाजलेले ट्रे यायला लागले. लव्हॉन खूश. (अर्धे त्यानेच खाल्ले, आणि वर म्हणाला, "दुसरी बाजूही दुखते असं सांग ना, भावा.") पण होलिसने मला बाजूला बोलावलं. तुम्हाला लिहिलं होतं की विहिरीच्या उंच मचाणावरची जागा मोकळी होतेय आणि ती मला मिळणार होती. मामा, त्या जागेसाठीच मी इथली धूळ खातोय. खाली राहून पाइप पुसत म्हातारं व्हायला मी घर सोडलं नाही. होलिस म्हणाला, "पोरा, हर्नियावाल्याला मी वर चढवत नाही. रंगाचा डबा घे आणि फाटकं रंगव." मी फाटकं रंगवली. वर मचाणावर चढवून बघण्यासाठी त्याने कुणाला घेतलं, तर लव्हॉनला.

मग मात्र माझ्याने राहवेना. शनिवारी टिडवेलांच्या स्वयंपाकघरात गेलो, टोपी काढली आणि ओपलकाकूंना, होलिसला आणि मार्लीसला सगळं सांगितलं. हर्निया नाही, पिस्तूल आहे. मला वाटलं आता चर्चमधून, कामावरून आणि या घरातून, तिन्हीकडून हाकलतील. मग ओपलकाकूंनी टेबलावरची आपली पर्स उघडून दाखवली. आत त्यांचं होतं. होलिसने पँटचा पाय वर केला, घोट्यावर त्याचं. पाद्रीबुवांकडेही आहे म्हणे, काखेत. त्या दिवशी माझ्यावर हात ठेवणाऱ्या बहुतेक सगळ्यांकडे होतं. मी विचारलं, मग काकू, माझंही पिस्तूलच असेल असं तुमच्या मनात कसं आलं नाही? त्या म्हणाल्या, "आधी तेच आलं रे. पण एवढं मोठं पिस्तूल माणूस कशाला कमरेला बांधेल? हे काही पिस्तूल नव्हे, म्हटलं, हे दुखणंच आहे." होलिसने माझं हातात घेऊन बॅटरी लावली, विझवली, परत लावली, आणि विचारलं की यात रेडिओ कुठला लागतो. मार्लीस हसत हसत मागच्या अंगणात निघून गेली. पण मामा, ते हसू चांगलं होतं.

होलिस म्हणाला, जागा अजून तुझीच, लव्हॉनला वर चक्कर येते. पण चर्चमध्ये पुकारा झालाय, सगळ्या गावाला ठाऊक झालंय, आता हर्निया नाही असं डॉक्टरकडून लिहून आण, म्हणजे वरच्या साहेबाचं तोंड बंद. मी नाचत गेलो. पिस्तूल ट्रेलरमध्ये कुलपात ठेवलं, साधा पट्टा, जुनी पँट. इतकं हलकं वाटत होतं की चालताना डावीकडे कलत होतो. डॉक्टर एक गंभीर बाई होत्या. त्यांनी उजवीकडे हात लावला, मान वळवून खोका म्हणाल्या, मी खोकलो, काही नाही. मी म्हणालो, झालं ना? त्या म्हणाल्या, आता डावीकडे.

मामा, डावीकडे हर्निया आहे.

बाईंनी मला चित्र काढून समजावलं की पाइप उचलून होतं, बऱ्याच दिवसांपासून असेल. पण मला त्या चित्रापेक्षा त्या बुधवारची ऊब आठवतेय. नव्हता तिथे मी बोट दाखवलं आणि एवढ्या लोकांनी एवढा जोर लावून मागितलं, तर वरच्याला काहीतरी द्यावंच लागलं असेल का? की तो आधीपासून होता आणि मीच नकळत खरं बोललो? पाद्रीबुवांना विचारलं तर ते म्हणाले, यावर विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. होलिस मात्र म्हणाला की ऑपरेशन करून घे, तोवर जागा धरून ठेवतो, कारण खोटं खरं करून दाखवणारा माणूस त्याने आजवर पाहिला नाही. आणि या रविवारी दारात मार्लीसने समोरून, दोन्ही हातांनी, नीट मिठी मारली. उजवीकडे काहीच आड आलं नाही. डावीकडे जीव गेला.

मामीला नमस्कार. कोंबड्यांना कोल्ह्यापासून जपा.

तुमचा भाचा,
टॅल्मेज

ता. क. : ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. दवाखान्यात रक्ताच्या नात्याचं माणूस सोबत हवं असं ओपलकाकूंनी ठरवलंय (दवाखान्याने तसं म्हटलेलं नाही, पण त्यांच्यापुढे दवाखाना काय करणार). तेव्हा तुम्ही यावं. एवढं लांब पत्र त्यासाठीच लिहिलं, सरळ या म्हटलं असतं तर तुम्ही गुडघा पुढे केला असता.

ता. क. : आईला हर्नियाचं सांगू नका. तिला पिस्तुलाचंही ठाऊक नाही. टेक्सास बघायला चाललोय म्हणा.

ता. क. : तुमची अक्रोडाची मूठ मी जपून ठेवलीय, तुम्हीच परत बसवून द्या. बॅटरी होलिसने मागून घेतली, गायी शोधायला.

ता. क. : या कागदाच्या तळाला एक बारका लोखंडी तुकडा चिकटवलाय. ईस्टरला पिस्तूल परत जोडल्यावर हा टॉवेलवर उरला होता. लव्हॉन म्हणाला, नव्या शर्टाला जास्तीचं बटण देतात तसा कारखानेवाले एखादा जास्तीचा घालतात. मला तेव्हा ते पटलं होतं. गोळी झाडायची वेळ अजून आलेली नाही, त्यामुळे खात्री करता आली नाही. बिनकामाचा असेल तर फेकून द्या. कामाचा असेल तर येताना घेऊन या, आणि कुणाला बोलू नका, कारण मग ईस्टरपासून मी कमरेला जे लपवत होतो त्याबद्दल ओपलकाकू म्हणाल्या तेच खरं होतं, हे काही पिस्तूल नव्हे.