निळ्या पट्टीचं काय करू?
देवळी, मंगळवार, २२ नोव्हेंबर २००५

शाळेचे निकाल काढायला माझ्या प्रोग्रामला अर्धा तास लागतो. कम्प्युटर अडकला असं समजून ऑफिसातल्या वंदनाताई तो मधेच बंद करायच्या, म्हणून मी पडद्यावर पुढे सरकणारी निळी पट्टी टाकली. आज पट्टी अगदी शेवटाला आली आणि लाईट गेली. यूपीएस तर कधीचाच मेलेला. आता पुन्हा पहिल्यापासून!

"भाऊ, ते पट्टी काढून टाका," ताई म्हणाल्या. "पह्यले नुसती लाईट जात होती. आता किती थोडं राह्यलं होतं, तेई दिसते."

थांबलं तिथूनच पुढे चालू करणं मला जमत नाही. पट्टी तेवढी जमली होती. उद्या तीच काढायला जायचं. तेवढा वेळ लाईट राहिली तर.