ताईच्या निवडुंगाला कोलंबीचं पाणी

गुरुवार, १८ सप्टेंबर. संध्याकाळचे सात वाजून दहा. ताईचं निवडुंग कुंडीतून काढून समोर कागदावर ठेवलं आहे.

लग्न होऊन मनोरला जाताना ती ते माझ्यावर सोपवून गेली. रविवारी न्यायला येणार. मागे एकदा काट्यांच्या बुडाशी कापसासारखं पांढरं दिसलं तेव्हा बुरशी समजून घाबरलो होतो. काडीने चिरडलं तर लालसर डाग उठला, म्हणजे बुरशी नव्हे, पिठ्या ढेकणाची कीड. स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, गेले. मग आज बूड मऊ का? पाणी तर मी मोजूनच घालतो.

माती हुंगली. मासळीचा वास! आईला विचारलं.

"मीच घालते. कोलंबी धुतलेलं पानी. तू कामावर गेलास की."

"रोज?"

"मग? तुज्यासारखं उपाशी ठेवू? पोरीचं झाड हाय ते."

गावी आमच्या मोगऱ्याला हेच पाणी घालतात आणि तो फोफावतो.

ब्लेड स्पिरिटने पुसून बूड कापलं. आत मधोमध तपकिरी ठिपका, म्हणजे सड वर चढलीय. आणखी वर कापलं, तरी ठिपका. तिसऱ्यांदा स्वच्छ हिरवं निघालं, की दिव्याखाली मला तसं वाटलं? बुरशीनाशकाची पूड लावली. आता जखम सुकेपर्यंत माती नाही, पाणी नाही. चार बोटं उरलंय. ताईला हे दाखवायचं?

मध्येच उठून ठिपका पुन्हा शोधला. नाही. बहुतेक नाही.

आईने विचारलं, "म्हंजे पोरगी येईपर्यंत याला कायच द्यायचं नाय?"

"काहीच नाही."

कोलंबीच्या पाण्याचं भांडं घेऊन ती मोरीपाशी उभी आहे. ओतत नाही.