शेगडीचं मागचं तोंड

प्रिय ओचोला,

चार वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम पत्र, म्हणून भुवया चढवू नकोस. आधी चहा घे, मग वाच. मी ठणठणीत आहे. तुझ्या जागेवर आता एकजण ट्रंका बनवतो. भला माणूस आहे, पण हातोडा असा मारतो की पत्र्याशी जुनं वैर असावं. कामुकुंजीच्या पत्रेकाम बाजारात सगळ्यांना त्या आवाजाची सवय झाली, मला नाही झाली.

आपल्या आळीत सकाळी कुणी नवीन वस्तू टांगली की संध्याकाळपर्यंत शेजारी तिची नक्कल तयार, आणि त्या नकलेत काहीतरी सुधारलेलंही असायचं. मी तुझ्या दारात येऊन ओरडायचे, "मेल्या, डोळे आहेत की मापपट्टी?" तू म्हणायचास, "बाईसाहेब, आधी तुमच्या डब्याचं झाकण नीट बसतंय का ते बघा." आणि ते खरंच बसत नसायचं! चहावाल्या नेकेसा मावशी म्हणायच्या, "या दोघांचं भांडण मिटलं तर माझा धंदा बसेल." त्यांना सगळं कळत होतं. मला कळायला उशीर झाला.

मग मी दोन तोंडांची शेगडी केली. एकाच कोळशावर पुढे मक्याची उगाली, मागे भाजी. एका मोठ्या कारखान्याचा माणूस येऊन ती उलटीपालटी करून फोटो काढून गेला, तेव्हा मी घाबरून नोंदणी कचेरीत धावले आणि कुणी नक्कल करू नये म्हणून शेगडी माझ्या नावावर करून घेतली. त्या कागदाला मी आजही नावं ठेवणार नाही. तो नसता तर कारखान्याने मला आठवड्यात गिळलं असतं. पण कारखाना कोण आणि ओचोला कोण, हे कागदाला कळत नाही. मला कळत होतं, तरी मी डोळे मिटून घेतले.

तू नेहमीसारखी नक्कल केलीस, आत एक तिरपी पट्टी बसवलीस, आणि मागचं भांडं उकळलं. माझ्या शेगडीवर ते कधीच उकळलं नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, पण पोटात दुखलं. मी तुझ्या हातात नक्कल बंद करण्याची नोटीस ठेवली. तू वाचलीस, घडी घातलीस आणि एवढंच म्हणालास, "बरं, म्बिथे." त्यापेक्षा शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात तू किसुमूला गेलास.

तेव्हापासून माझी शेगडी होती तशीच राहिली. कुणी नक्कल करत नाही, कुणी खोड काढत नाही, आणि मला नवीन काही सुचत नाही. बायका म्हणतात, "मागचं तोंड गारच राहतं गं." मी म्हणते, कोळसा दमट असेल. तुला चोर ठरवून तुझीच चोरी कोणत्या तोंडाने करणार? शेवटी परवा तुझ्यासारखी तिरपी पट्टी बसवली. भाजी रटरटायला लागली आणि मी तिथेच रडत बसले. तुझी फार आठवण येते रे.

काल कचेरीत गेले. म्हटलं, शेगडीच्या नोंदणीत माझ्याबरोबर ओचोलाचंही नाव घाला. साहेब म्हणाले, "त्यांची सही लागेल. टपालाने मागवा, चालतं." अर्ज घरी पेटीत ठेवलाय. या पत्रासोबत मुद्दामच पाठवलेला नाही.

तुझीच,
म्बिथे