कागदाच्या खालच्या दोन ओळी

कोरेगाव,
शनिवार, ता. १२ ऑक्टोबर १९४६

तीर्थस्वरूप ज्योतिबामामांचे सेवेशी,

कृष्णातचा शिरसाष्टांग नमस्कार. 'इकडील सर्व क्षेम' असे हाताच्या सवयीने लिहून गेलो होतो, ते खोडले आहे. हे पत्र गुंडाकडून वाचून घ्यावे, पण घरात नको. दुखवट्याचे कार्ड उंबऱ्याबाहेर वाचतात, तसे बाहेरच वाचा. फाडू मात्र नका.

मामींचे गुडघे कसे आहेत? शाळू पेरून झाला का? इकडची पेरणी उरकली. स्मशानात गुंडाने सरणाचे लाकूड माझ्या खांद्यात घातले होते, ते हाड आता बसले. हात डोक्याच्या वर जात नाही एवढेच. माझा त्याच्यावर राग नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

येत्या गुरुवारी साताऱ्यास माझ्या भावाचा, ज्ञानूचा खटला उभा राहील. त्याला लष्करातून घरी धाडताना दवाखान्याने जो इंग्रजी कागद दिला होता, तो त्या दिवशी कोर्टात वाचला जाईल. वकील म्हणतात, त्याने फाशी टळेल आणि त्याला जन्मभर वेड्यांच्या दवाखान्यात ठेवतील. तोच कागद मी माघात तुमच्या सोप्यात वाचला होता. कोर्टात ऐकण्याआधी तो तुम्ही माझ्याकडून ऐकावा, म्हणून हे पत्र.

मी स्टेशनात मालधक्क्यावर कारकून. लढाईच्या वर्षांत गावात आलेली प्रत्येक इंग्रजी तार माझ्याकडेच वाचायला येई. त्या तारांतून पहिला शब्द शिकलो तो 'रिग्रेट'. साहेबाला वाईट वाटते, असा त्याचा अर्थ. तो दिसला की त्या घरातला माणूस गेला असे समजायचे. मी तसे सांगत असे, आणि बाया माझ्याच अंगावर धावून येत. हरणाबाईने तर जात्याचा खुंटा फेकून मारला होता. खरे वाचले की मार बसतो, हे मी तेव्हाच शिकलो.

ज्ञानू पौषात ब्रह्मदेशातून आला. अंगावर जखम नव्हती. आठव्या दिवशी त्याने झोपेत तुमच्या अंजनाचा गळा धरला. मानेवर बोटांचे वळ घेऊन ती तुमच्याकडे तासगावास आली. मी न्यायला आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "आदी कागूद वाचून दावा, मग पोर लावून देतो."

मी वाचला. मेलन्कोलिया. डिप्रेस्ड. मोरोस. डिस्पॉन्डंट. ग्लूमी. निघण्यापूर्वी शाळेतल्या मास्तरांची डिक्शनरी पाहिली होती. सगळ्या शब्दांपुढे थोड्याफार फरकाने तेच होते, उदास, खिन्न. मी तेच सांगितले.

"एका उदासीला पाच शब्द?" तुम्ही म्हणालात. "सायेब लोकांस्नी रडायला बी मापं लागत्यात व्हय रं?"

गुंडा म्हणाला, "आवं आबा, आपली म्हस बी चार दिस झालं उदास हाय. तिला बी धाडूया का दवाखान्यात?"

सगळे हसले. मीही हसलो.

अंजना दाराआड उभी होती. आमच्यात भावजय थोरल्या दिराशी बोलत नाही, म्हणून ती मामींना म्हणाली, "आये, इचार की. खाली आनखी दोन वळी हायत. त्यात काय हाय?"

तिला अक्षर येत नव्हते, पण ओळी मोजता येत होत्या.

"सायबाची सही आन् हुद्दा," मी सांगितले. दुसऱ्या दिवशी मामींनी तिची ओटी भरली आणि ती माझ्यामागून चालू लागली. स्टेशनापर्यंत तिने दोनदा मागे पाहिले.

चार महिने मी स्वतःला सांगत होतो की दोष डिक्शनरीचा. तसे नाही. खालच्या दोन ओळींत अवघड शब्द एकही नव्हता. तसले शब्द रोज माझ्या हाताखालून जातात. पण माझ्या मनूचे शिरवळचे स्थळ तेव्हा ठरत होते. चुलता वेडा निघाला असता तर सोयरीक मोडली असती, आणि माहेरी बसलेल्या अंजनाकडे बघून लोकांनी विचारलेच असते. वैशाखात लग्न झाले. मनूला हळद अंजनानेच लावली.

ज्येष्ठातल्या त्या दिवशी कोयता ज्ञानूच्या हातात मी दिला. धारही मीच लावून आणली होती. बांधावरची झुडपे तोड, कामात जीव रमेल, असे म्हणालो. आणि दुपारची भाकरी अंजनाकडेच दे, त्याला बरे वाटेल, असे बायकोला सांगितले.

ओरडणे ऐकून मी पोचलो तेव्हा ती पालथी पडली होती. मान एका बाजूच्या कातड्यावर राहिली होती. ज्ञानू अजून घाव घालतच होता, तिच्यावर, मातीवर, भाकरीच्या पाटीवर. ओरडली ती एकदाच. नंतरचा आवाज कोयत्याचा होता. लोकांनी त्याला बाभळीला बांधून दगडांनी मारले. समोरचे दात पडले, डावा डोळा गेला. पहिला दगड मी मारला. त्याने बोलू नये असे मला वाटत होते.

पोलिसांनी कागद मागितला तेव्हा हरवला म्हणालो. तो माझ्या ट्रंकेत होता. सोमवारी तुरुंगात ज्ञानूला भेटलो. फुटलेल्या तोंडाने म्हणाला, "दादा, अंजी अजून भाकरी घिऊन आली न्हाई व्हय? लय उशीर केला." तिथून निघालो तो सरळ वकिलाकडे गेलो आणि कागद माझ्याकडे आहे म्हणून सांगितले.

गुंडाने मला खुन्याचा भाऊ म्हणून मारले. मी तो मार सोसला आणि सुटलो असे मनात म्हणालो. खरे कळले असते तर तो एका घावावर थांबला नसता. गुरुवारी मी कोर्टाच्या दारातच उभा राहीन. बरोबर कोणी नसेल. शिरवळचे लोक मनूला परत पाठवतील असे दिसते. पाठवली तर ठेवून घेईन.

तुम्हाला ज्ञानू फासावर हवा आहे, हे मला ठाऊक आहे. त्याला वाचवतो आहे, याची क्षमा मागत नाही. दुसऱ्या गोष्टीचीही मागत नाही. ती देण्यासारखी नाही.

अंजनाने विचारलेल्या दोन ओळी आता वाचतो. गुंडा, मोठ्याने वाच, मामींना ऐकू जाऊ दे.

'हा इसम दोनदा जवळच्या माणसाच्या जिवावर उठला आहे. याला बायकोबरोबर एकटे ठेवू नये आणि धारेचे हत्यार याच्या हाती कधीही देऊ नये.'

त्याखाली साहेबाची सही आहे.

तुमच्या दारातून तिला घेऊन गेलेला,
कृष्णात