साखरेची दोन मापं

८ सप्टेंबर, सोमवार
रक्ताचा रिपोर्ट आला. साखर एकच, आकडे दोन. उपाशीपोटीचा १३१, म्हणजे किरकोळ. दुसरा ९.४, शेजारी लाल खूण. अख्ख्या सोलो शहरात कुणी न शिकवता अँप्लिफायर दुरुस्तीला लागलेला मी एकटा. एका तारेवर दोन मीटर वेगवेगळं बोलले की त्यातला एक बाद, हे मला कुणी सांगायला नको. लॅबचं मशीन तपासून घ्या, असं डॉक्टरीणबाईंना सांगणार. नम्रपणे, पण स्पष्ट.
तपासणीआधी चार दिवस गोड चहा बंद ठेवला होता. ही फसवणूक नव्हे. गिऱ्हाइकाला सेट देण्याआधी धूळ पुसतोच माणूस.

११ सप्टेंबर, गुरुवार
दवाखान्यात जाऊन आलो. डॉ. सितांगांग दूर मेदानकडच्या, बातक जमातीच्या. मनात तेच तोंडात, आणि समोरच्याचंही तसंच असणार असा समज. म्हणाल्या, काका, उपाशीपोटीचा आकडा म्हणजे त्या सकाळची गोष्ट. दुसरा तीन महिन्यांचा हिशेब आहे, चार दिवस शहाण्यासारखं वागून तो हलत नाही. (चार दिवसांचं मी बोललोच नव्हतो.) समजलं का, विचारलं. मी 'इंग्गिह' म्हणालो. गोळ्या दोन्ही वेळा घेता ना? इंग्गिह. मग त्या पुरत नाहीत, वाढवू. इंग्गिह.
गोळ्या जुलैपासून बंद आहेत. त्यांनी पोटात गुडगुडतं. पण डॉक्टरांच्या तोंडावर नाही म्हणायची आम्हा जावावाल्यांची रीत नाही. 'इंग्गिह' हे आमचं अदबीचं 'हो'; त्याचा अर्थ आपलं बोलणं कानावर आलं, इतकंच. सोलोच्या शेंबड्या पोराला हे कळतं. मेदानला शिकवत नसावेत.
मशीनचा विषय राहिला.

१४ सप्टेंबर, रविवार
लास्त्रीने विचारलं, काय म्हणाल्या बाई? सविस्तर चर्चा झाली, म्हणालो. त्यात तुमचा वाटा किती, म्हणे. बायकोने इतक्या खोलात जाऊ नये. जेवणावर गोड चहा मागितला तर म्हणाली, बाईंकडूनच आणा, तिथे मान डोलवली की काय हवं ते देतात ना.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
मंडपवाल्या सुकार्दीचा अँप्लिफायर. सोल्डरचे दोन टाके एकमेकांना चिकटलेले दिसलेच नाहीत. चालू करताच धूर. हल्ली सोल्डर भेसळीचं येतं. टेबलावरचा बल्बही मंद होता, नवा लावला. तोही मंदच निघाला. सुकार्दी म्हणाला, दादा, डोळ्यांना काय झालंय तुमच्या? उद्या लग्न आहे, पाहुण्यांपुढे आता मी स्वतः गाऊ का?
जेवलो नाही नीट.

२२ सप्टेंबर, सोमवार
चष्मेवाला. शनिवारी एक नंबर काढला, आज दुसराच. म्हणतो, नंबर असा पळतोय तर चष्मा करू नका, आधी साखर बघा, आणि डोळ्यांचं डॉक्टरांना सांगा. अर्धवट शिकलेली माणसं.
तरी ठरवलं. गुरुवारी दोन गोष्टी सांगायच्या: गोळ्या घेत नाही, आणि धूसर दिसतं. लास्त्रीला डॉक्टर करून सराव केला. फार चांगला झाला. मी सोबत येते, म्हणाली. नको म्हटलं, तांत्रिक बोलणं असतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार
उपाशीपोटी २३८. या खेपेला चहा बंद करायचं राहून गेलं. बाई काळजीत. गोळ्या वाढवूनही उतरत नाही म्हणजे काका, आता इन्शुलिन. पेनासारखी सुई दिली. छोट्या खिडकीत आकडा दिसतो, दहावर आणायचा. जास्त गेला तर साखर एकदम खाली येईल, जिवावर बेतेल, म्हणाल्या. मग घाई न करता, माझ्याकडे बघत विचारलं, आकडे नीट दिसतात ना?
अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. इंग्गिह म्हणालो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळ
पेन घेऊन दारात उजेडाला बसलो. खिडकीत दहा आहे की अठरा, कळेना. जुना चष्मा पुसला. तरी कळेना. लास्त्रीला हाक मारली. तिने वाचलं. अठरा.
ओरडली असती तर बरं झालं असतं. पेन हातातून काढून घेतलं आणि विचारलं, बाईंना नक्की काय काय सांगितलंय? काहीच नाही, म्हणालो.
ती कपडे बदलतेय. दोघं आत्ताच निघणार. बोलणार ती. मला नुसतं शेजारी बसायचंय आणि कशालाही हो म्हणायचं नाही. एवढं तरी जमेल का, विचारतेय.